बाबांच्या ओसीटी रिपोर्टमधल्या तीन ओळी

कृष्णाकाठ (रविवार, रात्री ९.४०)

गेल्या सोमवारी पहाटे साडेतीनला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. वय ६३, शुगर नाही, बीपीची एक गोळी चालू. आईला वाटलं पित्त झालंय, म्हणून तिने इनो दिलं. घाम काही थांबेना, डावा हात जड पडला, तेव्हा शेजारच्या काकांनी गाडी काढली. तासगावहून मिरजेला पोचेपर्यंत पावणेसहा वाजले. ईसीजी बघताच बाबांना सरळ कॅथलॅबमध्ये नेलं. एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी नळी, वरच्या भागात १०० टक्के बंद होती. ३ बाय २८ चा एक स्टेंट टाकला. चौथ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. आता घरी आहेत, हळूहळू अंगणात फेऱ्या मारतात.

आज फाइल लावताना ओसीटी नावाचा एक वेगळा कागद सापडला. त्यातल्या तीन ओळी वाचल्यापासून पोटात गोळा आलाय.

एक, स्टेंटच्या वरच्या टोकाला मॅलअपोझिशन, जास्तीत जास्त अंतर ०.२२ मिमी, लांबी ०.६ मिमी.
दोन, स्टेंटमध्ये माइल्ड टिश्यू प्रोलॅप्स.
तीन, एमएसए ५.९ चौरस मिमी, एक्स्पान्शन ८४ टक्के.

मॅलअपोझिशन म्हणजे स्टेंट नीट चिकटला नाही, असंच ना? ८४ टक्के उघडला तर उरलेल्या १६ टक्क्यांचं काय? परत आत जावं लागेल का? डॉक्टर डिस्चार्जच्या वेळी "सगळं व्यवस्थित आहे" एवढंच म्हणाले. पुढची तारीख दोन आठवड्यांनी आहे. तोवर मला झोप लागणार नाही. कुणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा.

चाफा (रविवार, रात्री ९.५२)

ताई, बाबा अंगणात फेऱ्या मारतायत हे वाचून फार बरं वाटलं. मला यातलं काही कळत नाही, पण ज्यांना कळतं ते इथे येतील. तोवर जरा पडा.

प्रभातफेरी (रविवार, रात्री १०.१५)

माझी प्लास्टी २०१९ साली झाली. अशी काही तपासणी केलीच नव्हती. ओसीटी तर डोळ्यांची असते ना? मोतीबिंदूच्या वेळी माझी काढली होती. हृदयात ती कशी काय काढतात?

लॅबमधला (रविवार, रात्री ११.३०)

काका, तुमचं बरोबर आहे, तंत्र तेच. १९९१ साली ओसीटीचा पहिला निबंध आला, त्यातच डोळ्याचा पडदा आणि हृदयाची धमनी अशी दोन्ही उदाहरणं होती. डोळ्यात ती लवकर रुळली, कारण तिथे मध्ये रक्त नसतं.

मी कॅथलॅबमध्ये १४ वर्षं टेक्निशियन आहे. ताई, तुमच्या बाबांच्या वेळी आत काय झालं असेल ते सांगतो. निदान कोणत्या चित्रावरून हा कागद तयार झाला, ते तरी कळेल.

स्टेंट ज्या वायरवरून आत नेतात, तो बसल्यावर त्याच वायरवरून एक बारीक कॅथेटर, म्हणजे पोकळ नळी, आत सरकवतात. त्याच्या टोकाशी गोल फिरणारी भिंगाची व्यवस्था असते, ती भिंतीवर इन्फ्रारेड प्रकाश टाकते आणि परत आलेला प्रकाश टिपते. रक्तातून हा प्रकाश पार होत नाही. म्हणून डाय (अँजिओत नळी दिसावी म्हणून सोडतात ते द्रव्य) जोरात सोडून दोन-तीन सेकंद रक्त बाजूला सारावं लागतं, आणि तेवढ्या वेळात भिंग मागे ओढलं जातं. त्याला आम्ही पुलबॅक म्हणतो. साधारण ७५ मिलिमीटर नळी दोन-सव्वादोन सेकंदांत पार. मग पडद्यावर शेकडो गोल चकत्या येतात. गाजराच्या चकत्या कराव्यात आणि एकेक उचलून बघावी, तशा.

चित्र सोनेरी-तपकिरी दिसतं. मध्ये कॅथेटरचं लहान वर्तुळ, भोवती काळी पोकळी आणि तिच्या कडेने भिंत. एका बाजूला पाचरीसारखी काळी सावली दिसते, ती वायरची. नवीन माणूस हमखास तिथे अडकतो, त्याला वाटतं भिंत फाटली. स्टेंटच्या तारा म्हणजे छोट्या चकाकणाऱ्या रेघा. प्रत्येक रेघेमागे सावली, कारण धातूतून प्रकाश जात नाही. चकाकणारी रेघ भिंतीला टेकलेली असली की स्टेंट बसला. रेघ आणि भिंत यांच्यात काळी फट दिसली की तिला मॅलअपोझिशन म्हणायचं.

या यंत्राला १० ते २० मायक्रॉनचं बारीक दिसतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस ७०-८० मायक्रॉनचा. तुमच्या बाबांची फट ०.२२ मिमी, म्हणजे तीन केस शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी जागा लागेल तेवढी. अँजिओच्या चित्रात ही फट कुणालाही दिसली नसती. ती दिसली कारण बघणारं यंत्र इतकं बारीक आहे. ती धोक्याची आहे की नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. मी सांगणं योग्य नाही.

निवांत (सोमवार, सकाळी ७.०५)

गाजराची चकती! आता गाजर हलवा करताना दर वेळी हेच आठवणार. 🙂 फार सोपं करून सांगितलंत.

कृष्णाकाठ (सोमवार, सकाळी ७.४०)

दादा, तीन केस वाचून थोडा धीर आला. पण ८४ टक्क्यांचं कोडं तसंच आहे.

हृदयविभाग (सोमवार, दुपारी २.२०)

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, रोज प्लास्टी करतो. बाबांची फिल्म मी पाहिलेली नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण उत्तर आहे. त्यांच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा.

आधी ८४. एमएसए म्हणजे स्टेंटच्या आतला सर्वात अरुंद ठिकाणचा क्षेत्रफळाचा आकडा, इथे ५.९ चौरस मिमी. त्याची तुलना कशाशी करतात? स्टेंटच्या दोन्ही टोकांपलीकडे जी त्यातल्या त्यात निरोगी नळी असते, तिच्याशी. तिला रेफरन्स म्हणतात. ८४ टक्के आलं म्हणजे बाबांच्या रेफरन्सची सरासरी ७ च्या आसपास असणार. ५.९ भागिले ७, झाले ८४ टक्के. हा १६ टक्के ब्लॉक नव्हे. शिवाय ही क्षेत्रफळाची तुलना आहे. व्यासात मोजलं तर नळी ३ मिमीची आणि सर्वात अरुंद जागा पावणेतीन मिमीची. पहाटे पावणेसहाला त्याच जागी शून्य होतं, हे विसरू नका.

युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१८ साली एकमताने जे निकष मांडले, त्यांत रेफरन्सच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त एक्स्पान्शन पुरेसं धरलं आहे. निव्वळ आकडा पाहायचा झाला तर ओसीटीत ४.५ आणि आयव्हसमध्ये (प्रकाशाऐवजी आवाजाच्या लहरींनी आतून चित्र घेणारी तपासणी) ५.५ चौरस मिमीच्या वर असावा. लेफ्ट मेनला, म्हणजे डाव्या बाजूच्या मुख्य नळीला, हे आकडे लागू नाहीत, तिथे नळीच मोठी असते. तुमच्या बाबांचा रिपोर्ट दोन्ही कसोट्यांवर उतरतो.

आता मॅलअपोझिशन. त्याच निकषांत ०.४ मिमीपेक्षा जास्त अंतर आणि १ मिमीपेक्षा जास्त लांबी असेल तर दुरुस्तीचा विचार करावा असं आहे. ०.२२ आणि ०.६ दोन्ही खाली आहेत. एवढ्या फटी पुढच्या काही महिन्यांत बहुधा आपोआप भरतात, भिंतीचं नवं अस्तर तारांवर चढतं.

टिश्यू प्रोलॅप्स म्हणजे स्टेंटच्या जाळीतून आतला मऊ भाग किंवा गुठळीचा अंश थोडा डोकावणं. हार्ट अटॅकमध्ये, जिथे मुळात गुठळी झालेली असते, तिथे हे नेहमी दिसतं. तो भाग मोठा असेल आणि वाट अडवत असेल तर गोष्ट वेगळी. "माइल्ड" हा शब्द इथे खरोखर माइल्ड या अर्थानेच आहे.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण टोकांना डिसेक्शनबद्दल, म्हणजे भिंतीचा पदर चिरल्याबद्दल, काही आहे का? ते मी आधी पाहिलं असतं.

कृष्णाकाठ (सोमवार, दुपारी २.४५)

डॉक्टर, आत्ता परत कागद काढला. "नो सिग्निफिकंट एज डिसेक्शन" असं आहे. भीतीने मी ती ओळ वाचलीच नव्हती. खूप खूप आभार.

वऱ्हाडी ठेचा (सोमवार, सायंकाळी ६.१०)

ताईंना धीर मिळाला हे चांगलंच झालं, पण मी दुसरी बाजू मांडणार. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, औषधवाला स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. सामान्य माणसाला वाटलं, सुटलो. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांच्या बिलात या कॅथेटरचा आकडा स्टेंटपेक्षा मोठा होता. आम्हाला कुणी विचारलंही नाही. अँजिओमध्ये स्टेंट छान उघडलेला दिसत होता, मग आत परत यंत्र घालायचं कारण काय? आणि वर असा रिपोर्ट हातात द्यायचा की मुलीची आठवडाभर झोप उडावी?

प्रभातफेरी (सोमवार, सायंकाळी ६.३०)

मलाही हेच म्हणायचं होतं. माझा स्टेंट नुसत्या अँजिओवर टाकलेला आहे. रोज पर्वती चढतो.

हृदयविभाग (सोमवार, रात्री १०.००)

ठेचा, बिलाबद्दलची तुमची तक्रार मी खोडून काढणार नाही. आधी सांगून, संमती घेऊन करायला हवं. अटॅकच्या धावपळीतही नातेवाइकांना एक वाक्य सांगायला वेळ असतो.

पण "अँजिओत छान दिसत होता" याबद्दल बोललंच पाहिजे. १९५८ साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांनी पहिल्यांदा थेट हृदयाच्या धमनीत डाय सोडून चित्र घेतलं. यंत्रं कितीतरी सुधारली, पण तत्त्व आजही तेच आहे. डाय जिथे पोचतो त्या पोकळीची ती सपाट सावली आहे. भिंतीत काय दडलंय ते सावलीत दिसत नाही. डाय स्टेंटच्या तारांमधून आणि मागूनही वाहतो, म्हणून अर्धवट उघडलेला स्टेंटसुद्धा सावलीत भरलेला दिसू शकतो.

पुरावा म्हणाल तर आहे, आणि तो एकसुरी नाही. २०२३ साली कोरियातला १,६३९ रुग्णांचा अभ्यास आला. गुंतागुंतीच्या ब्लॉकमध्ये आतून चित्र बघून काम केलेल्या गटात त्या नळीशी संबंधित मोठे त्रास ७.७ टक्के, नुसत्या अँजिओवर १२.३ टक्के. २०२४ साली आयव्हसचा एक अभ्यास खास हार्ट अटॅक आणि तशाच तातडीच्या रुग्णांवर आला, ३,५०५ लोकांवर. वर्षभरात ४ टक्के विरुद्ध ७.३ टक्के. पण २०२३ च्याच इल्युमिएन-४ मध्ये, २,४८७ रुग्णांत, ओसीटीने स्टेंट जास्त उघडला गेला, स्टेंटमध्ये गुठळी होणंही कमी झालं, तरी एकूण त्रासांत ठोस फरक सिद्ध झाला नाही. हे लपवून मी तुम्हाला पटवायला जाणार नाही.

माझं मत असं: सरळ, आखूड, मऊ ब्लॉक असेल तर अनुभवी हात अँजिओवर उत्तम काम करतो. प्रभातफेरी काका त्याचं चालतं-बोलतं उदाहरण आहेत. लांब स्टेंट, फाट्यावरचा ब्लॉक, लेफ्ट मेन, कॅल्शियम, किंवा आधीचा स्टेंट बंद पडलेला असेल तर आत बघितल्याशिवाय मी हात आखडता घेतो. २०२५ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी अटॅकच्या रुग्णांतही लेफ्ट मेन आणि गुंतागुंतीच्या ब्लॉकसाठी याला पहिल्या वर्गाची, म्हणजे सर्वात भक्कम, शिफारस दिली आहे.

शून्य साखर (मंगळवार, सकाळी ८.१५)

डॉक्टरांनी कॅल्शियम म्हटलं म्हणून लिहिते. माझ्या मामांना पहिला अटॅक आला तेव्हा स्टेंट टाकला, घरी पाठवलं. सात महिन्यांनी त्याच जागी पुन्हा. दुसऱ्या ठिकाणी नेलं तर त्यांनी आयव्हस केलं आणि आम्हाला पडद्यासमोर उभं करून दाखवलं. चित्र करडं, धूसर होतं. स्टेंट एका बाजूला चेमटलेला होता, पुठ्ठ्याचं खोकं दाबावं तसा. त्या बाजूला पांढरीशुभ्र कमान आणि मागे काळा अंधार. डॉक्टर म्हणाले, हा कॅल्शियमचा दगड आहे, याला न फोडता स्टेंट टाकला, तो उघडणार कसा? मग त्यांनी शॉकवेव्हचा बलून वापरून दगडाला तडे दिले आणि मोठ्या दाबाच्या बलूनने स्टेंट उघडला.

मामा आज ठीक आहेत. पण पहिल्याच वेळी कुणी आत डोकावलं असतं तर माझ्या मामीने ते सात महिने आणि ती दुसरी रात्र काढली नसती. ठेचा दादा, पैशाचं दुःख मला कळतं. आम्ही दोनदा भरले.

वऱ्हाडी ठेचा (मंगळवार, सकाळी ९.००)

ताई, तुमचं वाचून गप्प बसलो. मामांना दीर्घायुष्य लाभो. माझा राग न विचारता केल्याचा आहे, तंत्रावर नाही, हे आता मलाच नीट कळलं.

लॅबमधला (मंगळवार, दुपारी १.३०)

कॅल्शियमसाठी आमच्याकडे पाचाचा नियम चालतो. गोलाच्या ५० टक्क्यांहून जास्त भागात पसरलेलं, ०.५ मिलिमीटरहून जाड, आणि ५ मिलिमीटरहून लांब. तिन्ही जुळले की स्टेंट उघडणार नाही असं धरून आधी दगडाची सोय करायची. आयव्हसला दगडाची कमान दिसते, पण जाडी मोजता येत नाही, कारण आवाजाच्या लहरी तिथूनच परततात. ओसीटीचा प्रकाश कॅल्शियममधून आरपार जातो, म्हणून जाडी मोजता येते. ओसीटीत कॅल्शियम काळपट आणि कडा सुरीने कापल्यासारख्या. चरबीही काळपटच दिसते, पण तिच्या कडा पाण्यात शाई पसरावी तशा विरघळलेल्या. हा एक फरक कळला की निम्मं वाचन आलं.

उलट ओसीटी खोल बघू शकत नाही, एक-दोन मिलिमीटर बस. आयव्हस सहज ५ मिलिमीटरच्या पलीकडे जातं आणि त्याला डाय लागत नाही. किडनी नाजूक असेल तर आमचे सर आयव्हसच मागतात.

निवांत (मंगळवार, दुपारी १.५०)

म्हणजे पाइपात कॅमेरा घालून गंज बघायचा, तसंच की.

लॅबमधला (मंगळवार, दुपारी २.२५)

निवांत, राग मानू नका, पण ही पाइपाची उपमा लोकांच्या मनातून काढायला मला वर्षं लागतात. पाइप मेलेला असतो. ही भिंत जिवंत आहे. अटॅकच्या वेळी ती आवळून बसते, औषधाने सैल होते. बघा, अटॅकमध्ये नळी आखडलेली आणि गुठळीने भरलेली असते, त्यामुळे ती असते त्यापेक्षा बारीक दिसते. त्या मापाचा स्टेंट टाकला, पुढे गुठळी विरघळली, नळी पूर्ववत रुंद झाली, की तोच स्टेंट ढिला पडतो. म्हणून माप घेण्याआधी सर नायट्रोग्लिसरीन सोडायला सांगतात. पाइपाला नायट्रोग्लिसरीन देऊन काय होणार?

निवांत (मंगळवार, दुपारी २.३०)

पाइप मागे घेतला. 🙏 गाजर मात्र ठेवतो.

टेम्स काठ (मंगळवार, रात्री ११.५५)

इंग्लंडमधून लिहितेय. माझ्या धाकट्या बहिणीला ४४ व्या वर्षी अटॅक आला. सिगरेट ओढायची, बाकी काही आजार नाही. अँजिओत एलएडीमध्ये गुठळी, पण तिच्यामागे ब्लॉक असा फारसा नाही. मी इकडे फोन धरून बसलेले, मला वाटलं आता स्टेंट टाकणारच. त्यांनी गुठळी थोडी ओढून घेतली, ओसीटी केली आणि म्हणाले स्टेंट नको. भिंत फाटलेली नाही, वरचं अस्तर खरवडलं गेलंय, त्याला प्लाक इरोजन म्हणतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर ठेवलं. महिन्याने परत आत बघितलं, गुठळी गेलेली. आज तिला तीन वर्षं झाली, स्टेंट नाही, सिगरेटही नाही.

डॉक्टर, हे नेहमी असंच करतात का? की आमचं नशीब म्हणायचं?

हृदयविभाग (बुधवार, सकाळी ६.५०)

तुमच्या बहिणीचं उदाहरण फार मोलाचं आहे, कारण आतून बघून काय कळतं ते यात सगळ्यात स्वच्छ दिसतं.

अटॅक म्हणजे "ब्लॉक वाढत वाढत बंद झाला" अशी लोकांची समजूत असते. बहुतेक वेळा तसं नसतं. चरबीचा साठा आणि रक्त यांच्यामध्ये एक पातळ टोपण असतं. ते ६५ मायक्रॉनहून पातळ झालं की फाटू शकतं, आतली चरबी रक्ताला लागते आणि मिनिटांत गुठळी होते. याला रप्चर म्हणतात. ओसीटीत टोपणाचा तुटका पदर आणि त्याखालची रिकामी खोबण दिसते. दुसरा प्रकार इरोजन, टोपण शाबूत, वरच गुठळी. तिसरा कॅल्शियमची टोकं आत घुसलेली. २०१३ साली १२६ रुग्णांवर केलेल्या एका ओसीटी अभ्यासात रप्चर ४४ टक्के, इरोजन ३१ टक्के आणि कॅल्शियमची गाठ ८ टक्के निघाली. इरोजन तरुणांत, स्त्रियांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत जास्त आढळतं.

इरोजनला स्टेंटशिवाय ठेवून बघण्याचा अभ्यास चीनमधल्या हार्बिनला झाला, २०१६-१७ च्या सुमारास त्याचे निकाल आले. मोजक्या, निवडक रुग्णांत गोळ्यांवर गुठळी विरली. पण अट अशी की नळी पुरेशी उघडी हवी, रक्त नीट वाहायला हवं, आणि रुग्ण गोळ्या एक दिवसही न चुकता घेणारा हवा. सगळ्यांना लागू होईल असं नाही. आजही अटॅकमध्ये बहुतेकांना स्टेंटच लागतो. तुमच्या बहिणीच्या डॉक्टरांनी घाई केली नाही, नीट बघितलं, याचं मला कौतुक वाटतं.

एक पथ्य मात्र आहे. ताजी लाल गुठळी असेल तर ओसीटीत तिची दाट सावली पडते आणि मागची भिंत दिसतच नाही. अशा वेळी "इरोजन आहे" असं छातीठोक सांगणं चूक. दिसलं नाही आणि नाही यांत फरक आहे.

लॅबमधला (बुधवार, सकाळी ९.४०)

सरांच्या शेवटच्या वाक्यावरून आठवलं. एकदा पहाटेची केस, स्टेंट झाला, पुलबॅक घेतला तर स्टेंटच्या मधोमध धुरकट ढग. तरुण डॉक्टर घाबरला, गुठळी म्हणाला, औषध भरायला सांगितलं. मी चकत्या पुढे-मागे करून बघितल्या. ढग प्रत्येक चकतीत जागा बदलत होता, भिंतीला कुठेच धरलेला नव्हता. गुठळी अशी तरंगत फिरत नाही. तो भोवरा होता, डायने रक्त पूर्ण धुतलं गेलं नव्हतं. कॅथेटरचं तोंड नीट लावून परत डाय सोडला, पुन्हा ओढलं, सगळं लख्ख. माझ्या १४ वर्षांत मला सगळ्यात जास्त समाधान देणारी ती दोन सेकंदं.

हळदीचं दूध (बुधवार, सकाळी १०.०५)

कृष्णाकाठ, बाबांना रोज सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या आणि कोमट पाणी द्या. माझ्या चुलत्यांचा ब्लॉक निघून गेला. गोळ्यांची सवय नको.

चाफा (बुधवार, सकाळी १०.२०)

लसूण फोडणीत घाला, खुशाल खा. पण ताजा स्टेंट असताना गोळ्या सोडा असं कृपया कुणीही लिहू नका. माझ्या वहिनीच्या वडिलांनी दुसऱ्या महिन्यात "बरं वाटतंय" म्हणून गोळ्या बंद केल्या. पुढचं मी इथे लिहीत नाही.

हृदयविभाग (बुधवार, सकाळी १०.४५)

चाफा यांच्याशी पूर्ण सहमत. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या काळापर्यंत, अटॅकनंतर साधारण वर्षभर, एकही दिवस चुकवायची नाही. ओसीटीत कितीही सुंदर दिसलेला स्टेंट गोळ्या सोडल्यावर बंद पडू शकतो. जोडीची गोळी म्हणून टिकाग्रेलॉर चालू असेल आणि श्वास अपुरा वाटला तर तो त्या गोळीचा माहीत असलेला परिणाम असू शकतो. मनाने बंद न करता फोन करायचा, बदलून देता येते.

चाफा (बुधवार, सकाळी १०.५५)

डॉक्टर, मूळ प्रश्नाकडे वळते. ताई परत दाखवायला जातील तेव्हा त्यांनी नेमकं काय विचारावं? आमच्यासारखे लोक आत गेल्यावर सगळं विसरतात.

हृदयविभाग (बुधवार, दुपारी १.१५)

"रिपोर्ट चांगला आहे का?" असं विचारलं तर उत्तर "हो" एवढंच येईल. त्यापेक्षा विचारा, "आत बघितल्यामुळे तुम्ही काय बदललंत?" स्टेंटची लांबी बदलली, मोठा बलून फुगवला, की काहीच बदलावं लागलं नाही? त्यावरून तपासणीचा उपयोग कळतो. दुसरं, शेवटच्या बलूननंतरचा पुलबॅक दाखवायला सांगा. रिपोर्टातला आकडा कधी कधी आधीच्या पुलबॅकचा असतो. तिसरं, स्टेंटच्या बाहेर उरलेल्या नळीत काय दिसलं? घरच्यांचं सगळं लक्ष स्टेंटवर असतं. पुढच्या दहा वर्षांचं बरंचसं भवितव्य त्या उरलेल्या भिंतीत असतं, आणि ती सांभाळायची ती स्टॅटिनने (कोलेस्टेरॉलची गोळी), सिगरेट-तंबाखू सोडून आणि चालून.

कृष्णाकाठ (दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८.३०)

आज जाऊन आलो. तिन्ही प्रश्न वहीत लिहून नेले होते. डॉक्टर आधी चकित झाले, मग हसले आणि बाबांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

बदललं काय, तर पहिल्या पुलबॅकमध्ये स्टेंटचा मधला भाग ७१ टक्केच उघडलेला होता. अँजिओत तो अगदी गुळगुळीत दिसत होता, तेही शेजारी लावून दाखवलं. मग त्यांनी जास्त दाबाचा बलून फुगवला आणि तो ८४ वर आला. त्यापुढे का नेलं नाही, हेही मी विचारलं. ते म्हणाले, ताज्या गुठळीच्या जागी फार जोर केला तर चुरा खाली वाहून बारीक नळ्या बंद पडतात, तेव्हा जिथे पुरे तिथे थांबायचं.

मॅलअपोझिशनच्या जागी यंत्राने चार-पाच रेघा पिवळ्या रंगवल्या होत्या. खालच्या बाजूला आणखी काही रेघा लाल होत्या, मी घाबरून बोट दाखवलं. तिथे भिंतच नाही म्हणाले, तिथून फाटा निघतो, फाट्याच्या तोंडावरून गेलेल्या तारांना टेकायला भिंत कुठून येणार? यंत्राला ते कळत नाही, माणसाला कळावं लागतं.

आणि स्टेंटच्या खाली, साधारण एक सेंटिमीटरवर, लॅबमधले दादा म्हणाले होते तसा शाई पसरल्यासारखा काळपट डाग होता. चरबी. टोपण जाड आहे, आत्ता काही करायचं नाही. पण बाबांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३८ होतं, ते ५५ च्या खाली आणायचं म्हणून गोळी वाढवून दिली.

बाबा तो डाग बराच वेळ बघत होते. मी आणि आई वीस वर्षं मिश्री सोडा म्हणून सांगत होतो. गाडीत बसल्यावर त्यांनी खिशातून डबी काढली आणि आईच्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत. तासगाव येईपर्यंत आई ती डबी मुठीत धरून बसली होती.

तुम्हा सगळ्यांचे, विशेषतः डॉक्टर आणि लॅबमधल्या दादांचे, मनापासून आभार.

लॅबमधला (शनिवार, रात्री ९.१०)

ताई, डबी वाचून डोळे भरले. बाबांना माझा नमस्कार सांगा.

वऱ्हाडी ठेचा (शनिवार, रात्री ९.४५)

७१ चं ८४. हे मला कुणी बिल देताना सांगितलं असतं तर मी भांडलो नसतो. उद्या सासऱ्यांची फाइल काढतो. डॉक्टर, जुना पुलबॅक मागितला तर हॉस्पिटल देतं का?

हृदयविभाग (शनिवार, रात्री १०.२०)

मागा. अँजिओच्या सीडीबरोबर ओसीटीचीही प्रत लेखी अर्ज करून मागा, तारीख आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहा. मिळाली की आकडे इथे टाका, नाव झाकून. बघू.